होडी झोपणार कुठे?

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, क्राउच नदीच्या मुखाबाहेर, बक्सी सँड नावाची वाळूची एक लांबलचक पाठ आहे. भरतीला तिचा मागमूस नसतो. ओहोटीला ती पाण्याबाहेर येते आणि तिच्यावर सील लोळत पडतात. २०१९ च्या जूनमध्ये त्या सीलांच्या शेजारी मी दहा तास काढले. होते होडीतच, पण होडी आडवी.

होडी आमच्या क्लबातल्या एका निवृत्त शिक्षकांची. मनातल्या मनात मी त्यांना मास्तर म्हणते, इथेही तेच म्हणते. सव्वीस फुटी होडी, फिन कीलची. म्हणजे बुडाखाली माशाच्या परासारखं एक जड लोखंडी पातं, कायमचं ठोकून बसवलेलं. पाण्यात १.४ मीटर खोल. उधाणाचे दिवस होते आणि भरती होऊन तासभर झाला होता. मास्तरांनी एक वळण जरा जवळून घेतलं आणि होडी थांबली. ना धक्का, ना आवाज. मास्तर फक्त "हं" म्हणाले.

इंजिन उलटं फिरवलं. आम्ही तिघं शिडाच्या आडव्या दांड्यावर लोंबकळलो, म्हणजे होडी कलेल आणि कील थोडी उचलली जाईल. काही नाही. पाणी सहा तासांत सारख्या गतीने उतरत नाही. पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग परत दोन, मग एक. आम्ही रुतलो ते दुसऱ्या तासाच्या तोंडावर. इथे उधाणाला पाणी पावणेपाच मीटरच्या आसपास उतरतं, म्हणजे तिसऱ्या तासात मिनिटाला दोन सेंटीमीटर. दहा मिनिटं वाद घातलात की वीतभर पाणी गेलेलं असतं. आता पाच तास ते जाणार आणि पाच तास परत यायला घेणार.

मास्तरांनी एक गोष्ट मात्र वेळेत केली. आम्हा सगळ्यांना वाळूच्या चढाकडच्या बाजूला बसवलं. होडी चढाकडे कलली तर परत येणारं पाणी आधी तिच्या तळाला लागतं आणि ती उचलली जाते. उताराकडे कलली तर पाणी आधी कठड्यावरून आत येतं. हे तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की स्टोव्ह त्याच्या झुल्यात जेवढा झुलायचा तेवढा झुलून अडकलाय आणि चहा होणार नाही. डब्यात चिवडा होता. पंचेचाळीस अंशात चिवडा खाल्लाय कधी कुणी? शेंगदाणे सगळे एका कोपऱ्यात जातात.

तर एवढं झाल्यावर स्वतःची होडी घेताना मी वर उचलता येणारी कील घेणार, हे उघड होतं असं तुम्हाला वाटेल. मला तसं वाटत नव्हतं. मास्तरांना तर नाहीच. "चूक माझी होती, कीलचा काय दोष?" हे त्यांचं आजतागायत म्हणणं आहे.

मी मूळची आंजर्ल्याची. आमच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हा आजोबा तरीवर होते, माणसं आणि सायकली या तीरावरून त्या तीरावर. पाण्याचं वेळापत्रक त्यांच्या बोटांवर असायचं. तिथीची पाऊणपट करायची, आली भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता, चतुर्थीला तीन वाजता. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमाराला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढ-उतार सगळ्यात कमी. गंमत म्हणजे हा हिशोब इथे एसेक्सच्या ब्लॅकवॉटर खाडीतही जवळजवळ लागू पडतो. तासभर इकडे-तिकडे होतं, उन्हाळ्यात घड्याळ पुढे केलेलं असतं म्हणून आणखी एक तास मिळवायचा, झालं. पहिल्यांदा हे जुळलं तेव्हा मी क्लबाच्या धक्क्यावर एकटीच हसत होते. नंतर एकदा मास्तरांना सांगितलं, तर त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि पुढचे दोन महिने मला रोज तिथी विचारली.

नवरा नागपूरचा. त्याच्या लेखी पाणी म्हणजे अंबाझरी तलाव, तोही काठावरून. आम्ही चेम्सफर्डला राहतो, मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते. गावातून एक जुना कालवा निघतो, १७९७ साली सुरू झालेला, तो चौदाएक मैल वाहत जाऊन हेब्रिज बेसिनला झडपांच्या दारातून ब्लॅकवॉटरमध्ये उतरतो. त्याच्या काठाने फिरायला जाता जाता मला होडीचं वेड लागलं आणि त्याला माझ्यामुळे लागलं नाही, पण सवय झाली.

होडी घ्यायचं ठरलं २०२२ च्या वसंतात. बजेट लहान, होडी लहान, एकवीस-बावीस फुटी, आत दोघांना झोपता येईल एवढी. आणि पहिलाच प्रश्न हा: कील पक्की की उचलती?

नवऱ्याने विचारलं, "अगं, पण ती मुळात लागते कशाला?"

प्रश्न बरोबर होता. कीलला दोन कामं असतात. एक, वजन. वारा शिडाला आडवं पाडायला बघतो, खालचं वजन होडीला उभं धरतं. वजन जितकं खोल तितका त्याचा जोर जास्त. शंभर किलो लोखंड तळाशी असणं आणि तेच मीटरभर खाली टांगलेलं असणं यात खूप फरक पडतो. दुसरं काम, अडवणं. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की तो समोर उडतो. शिडाची होडी तशीच पुढे जाते. एका बाजूने वारा दाबतो, दुसऱ्या बाजूने पाण्यातलं पातं दाबून धरतं, म्हणून ती पुढे निसटते. पातं नसेल तर एकच बोट उरलं, होडी नुसती खेकड्यासारखी बाजूला सरकत जाते. आजोबांच्या तरीला असलं काही नव्हतं कारण तिला शीड नव्हतं, बांबू होता. पण हर्णैच्या मोठ्या होड्यांच्या तळाच्या आख्ख्या लाकडाला ते पठाण म्हणायचे. "पठाण धड तर होडी धड." हे वाक्य मी नवऱ्याला ऐकवलं, त्याने मान डोलावली आणि विचारलं, "मग तो वर-खाली कशाला करायचा?"

याचं उत्तर ब्लॅकवॉटरच्या काठी मॉल्डनच्या धक्क्यावर उभं आहे. तिथे अजून जुन्या टेम्स बार्ज बांधलेल्या असतात, तपकिरी-लाल शिडांच्या, ऐंशी-नव्वद फुटी मालवाहू होड्या. त्यांचा तळ पाटासारखा सपाट, कारण त्यांना गवत, विटा, धान्य घेऊन शेताच्या बांधापर्यंत खाड्यांत शिरायचं असायचं आणि ओहोटीला चिखलावर सरळ बसायचं असायचं. मग वाऱ्यावर सरकू नये म्हणून दोन्ही कुशींना लाकडाचे दोन मोठे पंखे टांगलेले. वाऱ्याआडच्या बाजूचा पंखा पाण्यात सोडायचा, खाडीत शिरताना वर ओढून घ्यायचा. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी इथल्या बार्जवाल्यांनी उचलती कील होडीच्या पोटात न ठेवता कुशीला बांधली होती. या किनाऱ्यावर हा प्रश्न नवा नाही. इथली भरती तर ९९१ साली व्हायकिंगांनाही नडली होती. नॉर्थी बेटावर ते ओहोटीची वाट बघत अडकून पडले होते, मग लढाई झाली आणि ती व्हायकिंगांनी जिंकली. असो.

आम्ही दोन होड्या पाहिल्या.

पहिली क्राउचच्या काठी बर्नहमला, बावीस फुटी, फिन कील, पाण्यात १.२ मीटर. आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवली ती जागा. मधे काही नाही. मोकळी जमीन, दोन्हीकडे बाक, पुढे झोपायचं. नवरा म्हणाला, "ही बरी आहे." त्याने बाहेर येऊन पाहिलंच नाही. होडी लाकडी टेकूंवर उभी होती. मी खाली वाकून कील जिथे तळाला मिळते तो सांधा पाहत होते. पुढच्या बाजूला केसाएवढी फट आणि तिच्यातून गंजाचा एक ओघळ. होडी टेकूवरून उचलली की फट रुंदावते का, हे बघायचं असतं. इथे रुंदावली. आत जमिनीखालच्या फळ्या उचलल्या तर कीलच्या बोल्टांचे नट दिसत होते, भोवती तपकिरी पाणी.

पक्क्या कीलचं सगळं कौतुक या बोल्टांवर उभं असतं. तिच्यात हलणारं काही नाही, म्हणून बिघडणारं काही नाही, असं म्हणतात. ते अर्धं खरं आहे. स्टेनलेस स्टीलला हवा लागली तर ते चमकतं. सांध्यात कोंडलेल्या, प्राणवायू नसलेल्या खाऱ्या पाण्यात तेच आतल्या आत पोखरलं जातं आणि वरून नट नवाकोरा दिसतो. २०१४ च्या मे महिन्यात चीकी राफिकी नावाची चाळीस फुटी होडी अँटिग्वाहून इंग्लंडला येताना अटलांटिकमध्ये उलटली, कील निखळून गेली होती, चौघं गेले. सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी शाखेने आधीच्या काळात होडी वेळोवेळी जमिनीला लागणं आणि मग झालेल्या दुरुस्त्या यांनी तिथली जोडणी कमकुवत झाली असावी असं म्हटलं. आमची नदीकाठची बावीस फुटी होडी कुठे आणि ते कुठे, पण बक्सी सँडवर मास्तरांची होडी त्या बोल्टांवर दहा तास लोंबकळत होती हे मला तेव्हापासून विसरता येत नाही. त्यांनी पुढच्या हिवाळ्यात एक बोल्ट काढून तपासला. ठीक होता. मास्तरांचं नशीब नेहमी ठीक असतं.

दुसरी होडी हेब्रिजजवळ, एकवीस फुटी, सत्तरच्या दशकातली. उचलती कील, आणि उचलतीतही बिजागरीवर झुलणारी. उचलत्या कीलचे दोन प्रकार इथे दिसतात. एकात पातं उभंच्या उभं वर ओढलं जातं, खणातून कप्पा वर घ्यावा तसं. दुसऱ्यात ते पुढच्या टोकाला एका पिनेवर अडकवलेलं असतं आणि मागे-वर घडी होतं, चाकूचं पातं मुठीत जातं तसं. पहिल्या प्रकारात वजन खोलवर ठेवता येतं, होडी अंगाने चालते. पण जमिनीला लागलात तर पक्क्या कीलसारखीच दणकते, आणि चालताना ते पातं खाली कुलूपबंद करावं लागतं, नाहीतर होडी आडवी झाली की ते आपणहून आत यायचं. झुलणारं पातं जमिनीला लागलं की आपसूक मागे घडी होतं. "खट्" असा आवाज येतो, तार सैल पडते, तेवढ्यात वळायचं. पाण्याची खोली सांगणारं इतकं प्रामाणिक यंत्र दुसरं नाही.

पण आत शिरलो आणि नवऱ्याचा चेहरा पडला. खोलीच्या मधोमध एक भिंत. गुडघ्याच्या वर येणारी, फायबरची, पुढून मागे गेलेली. ते पात्याचं घर, पातं वर आलं की तिच्यात बसतं. समोरासमोर बसलात तर गुडघे भिंतीला. वर एक घडीचं टेबल लावलेलं. "दादरच्या चाळीत पार्टिशन टाकतात तसं आहे," तो म्हणाला. त्याने दादरची चाळ कधी पाहिली नाही.

सर्व्हेअर बाई आल्या. लहानशी हातोडी घेऊन तासभर तळ वाजवत राहिल्या. मग पातं खाली सोडायला लावलं आणि खालून दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवलं. ते हललं, चांगलं बोटभर. पिनेचं भोक गोलाचं अंडाकृती झालं होतं. वर ओढायची तार स्टेनलेसची आणि पातं बीडाचं. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की एक दुसऱ्याला खातो, तार जिथे अडकवली होती तिथलं लोखंड वाळवीने खाल्ल्यासारखं. पात्याच्या घराच्या आत ब्रश जात नाही, त्यामुळे रंग नाही, कालवं आणि शेवाळ यांची वस्ती. त्यांनी यादी दिली. यादी बघून मालकाने किंमत कमी केली. बर्नहमचा मालक एक पैसा उतरायला तयार नव्हता, ओघळाला "नुसता चहाचा डाग" म्हणत होता.

तरी मी अडलेच होते. मास्तरांचा फोन आला. त्यांनी आपली बाजू नीट मांडली. वाऱ्याच्या तोंडावर जाताना फिन कील वाऱ्याच्या दिशेला जास्त जवळून चालते, कमी घसरते. लाटांत ताठ राहते. आत जागा. दुरुस्ती कमी. "तू समुद्रात जाण्यासाठी होडी घेतेयस की चिखलात बसण्यासाठी?"

हे बोचलं. आणि निकाल लावला तो नवऱ्याने.

क्लबात खोल पाण्यात होडी बांधायच्या बोयांसाठी नावं लावून ठेवलेली मंडळी आमच्यापुढे भरपूर होती. बंद दाराच्या मरीनात पाणी कायम असतं, पण तिथलं वर्षाचं भाडं ऐकून आम्ही थँक यू म्हणून निघालो. लगेच मिळत होती ती चिखलातली जागा. भरतीला पाणी, ओहोटीला लोणी. क्लबाच्या नोंदीत तिची उंची नकाशाच्या शून्यापासून, म्हणजे जवळजवळ सगळ्यात खालच्या ओहोटीपासून, २.६ मीटर. नवरा हिशोबाचा माणूस. त्याने एका रात्री एक्सेल उघडलं, बारा भागांचा नियम माझ्याकडून समजून घेतला आणि सकाळी चहाबरोबर कागद पुढे ठेवला.

उधाणाला इथे पाणी ५.२ मीटरपर्यंत चढतं आणि ०.४ पर्यंत उतरतं. भांगाला ४.२ आणि १.३. उचलती होडी पातं वर घेतल्यावर ०.४ मीटर पाण्यात तरंगते, म्हणजे तिला ३ मीटरची पातळी हवी. फिनवालीला १.२ हवं, म्हणजे ३.८ मीटर. उधाणाच्या दिवशी उचलती एका भरतीत साडेपाच-पावणेसहा तास तरंगेल, फिनवाली साडेचारच्या आत. ठीक, फार फरक नाही. पण भांगाला उचलती साडेपाचच्या जरा आत आणि फिनवाली दोन तास चाळीस मिनिटं. त्यात डिंगीने, म्हणजे छोट्या वल्ह्याच्या होडीने, होडीवर जायचं, शिडं चढवायची, परत यायचं. खाडीच्या वळणापर्यंत जाऊन हात हलवून परतायचं, एवढंच. हवेचा दाब जास्त असला किंवा वारा उलटा असला की पाणी आणखी वीतभर कमी चढतं. मग तेही नाही.

कागदाच्या खाली त्याने एक ओळ लिहिली होती: "महिन्यातले दोन शनिवार-रविवार बाद." त्याला समुद्र कळत नाही पण शनिवार-रविवार कळतात.

मास्तर म्हणाले, मऊ चिखल असेल तर फिन कीलही त्यात रुतून सरळ उभी राहते, मग आडवी पडायची भीती नाही. खरं आहे, अशा कितीतरी होड्या इथे आहेत, प्रत्येकीने आपला चर कोरून घेतलाय. पण तरंगण्याचे तास त्याने वाढत नाहीत. दोन कीलांचाही पर्याय असतो, खाली दोन पाय असल्यासारखा. १९६९ साली आलेली वेस्टर्ली सेंटॉर तशी, दोन हजारांवर बनल्या, इथल्या प्रत्येक खाडीत एक तरी दिसते. पण ती सव्वीस फुटी आणि पाण्यात ०.९ मीटर. आम्हाला होडी ट्रेलरवर घालून हिवाळ्यात घराच्या दारात आणायची होती. डिसेंबर २०२१ पासून इथे साध्या गाडीच्या लायसन्सवर जड ट्रेलर ओढायची मुभा मिळाली, नवऱ्याचं लायसन्स त्यात बसलं. उचलती होडी ट्रेलरवर मांडी घालून बसते. फिनवाली ट्रेलरवर उभी राहिली की शेजाऱ्याच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीत डोकावते.

घेतली. हेब्रिजची.

आता चार उन्हाळे झाले. तक्रारी आधी सांगते.

पहिला उन्हाळा, रात्रीचा मुक्काम, नांगर टाकलेला, वारा पडलेला. टक. टक. टक. पातं खाली सोडलेलं, बारीक लाटेवर घरात आपटतंय. नवरा तीन वाजता उठून बसला. "कुणीतरी दार वाजवतंय." समुद्रात कोण वाजवणार? तेव्हापासून नांगरावर पातं पूर्ण वर घेतो, आणि थोडं खाली ठेवायचं झालं तर घराच्या वरच्या फटीत लाकडाची पाचर ठोकतो. पाचर म्हणजे जुन्या पोळपाटाचा तुकडा.

त्याच उन्हाळ्यात ओझी बेटावर उतरलो होतो. गोट्यांचा किनारा, होडी ओहोटीला तिथेच बसली, आम्ही जेवलो, पडलो. पाणी आल्यावर निघालो, विंच, म्हणजे तारेची चरखी, सोडलं, तार सैल पडली आणि पातं खाली आलंच नाही. होडी बसली तेव्हा एक गारगोटी फटीत घुसून पात्याला गच्च धरून बसली होती. शीड चढवलं होतं, वारा मध्यम, आणि आम्ही दिमाखात पश्चिमेकडे तोंड करून उत्तरेकडे चाललो होतो. चिंचोक्याचं एक बोट गायब. इंजिन चालू करून जागेवर धरून ठेवलं. घराच्या वरच्या बाजूला एक झाकण आहे, त्यातून वरून काहीतरी घालून पातं खाली ढकलायचं. काय घालणार? नवऱ्याने स्वयंपाकाच्या पेटीतून उलथणं काढलं. दापोलीच्या बाजारातलं, लोखंडी, आईने दिलेलं, पाव इंच जाडीचं. त्याने ते फटीत घातलं आणि वरून हातोडीने दोन ठोके दिले. कर्र असा आवाज झाला, मग धाडकन. पातं खाली. उलथण्याचं टोक तेव्हापासून डावीकडे वाकलंय, धिरडं उलटताना मनगट वळवावं लागतं. आता गोट्यांवर होडी बसवत नाही. चिखल बरा.

आणखी एक, जे कुणी आधी सांगत नाही. कील वर घेतली म्हणजे होडी उथळ झाली असं नाही. सुकाणू खाली असतं. आउटबोर्ड इंजिनाचा पंखा खाली असतो. मी एकदा ऐटीत पातं वर घेऊन चिखलाच्या काठावर गेले आणि सुकाणूच्या टोकावर होडी टेकवली. त्या दिवशी नवा लाकडी दांडा करून घ्यावा लागला.

आणि मास्तर बरोबर होते, हेही लिहायला हवं. गेल्या जुलैत वॉलेटमधून, म्हणजे क्लॅक्टनच्या समोरच्या पट्ट्यातून, परत येत होतो. वारा नैर्ऋत्येचा, समोरून, पाणी वाऱ्याच्या उलट जाणारं. अशा वेळी तिथे आखूड, उभ्या, अंगावर येणाऱ्या लाटा उठतात. आमची होडी प्रत्येक लाटेवर थबकायची, बाजूला सरकायची, पुन्हा वेग घ्यायची. पातं घरात धडधडत होतं. मास्तर त्यांच्या फिनवर आमच्या मागून आले, शेजारून गेले, पुढे गेले. वाऱ्याच्या तोंडावर नागमोडीच जावं लागतं. आम्ही सात वेळा वळलो, ते चार वेळा. नवऱ्याने बादली धरली होती, तो काही बोलला नाही. मी बोलले, ते इथे लिहीत नाही.

पण त्याच आठवड्यात एक सकाळ होती. क्राउचमधून ब्लॅकवॉटरला यायचं झालं तर खोल होड्यांना बक्सीला वळसा घालून, स्पिटवेच्या बोयांमधून, लांब जावं लागतं. किनाऱ्याला लागून एक जवळची वाट आहे, रे सँडची. तिच्यात आता इतका गाळ भरलाय की ओहोटीला ती वाटच नसते. भरतीच्या वेळी, पातं अर्धं वर घेऊन, आम्ही तिथून आलो. खोली दाखवणारं यंत्र १.१, ०.९, १.० असं दाखवत होतं. डावीकडे डेंजीचे दलदली काठ, पुढे सेंट पीटरचं चॅपल, सातव्या शतकातलं, एका खळ्यासारखं एकटं उभं, आणि त्याच्या मागे ब्रॅडवेलच्या बंद पडलेल्या अणुवीज केंद्राचे दोन ठोकळे. एकदा "खट्" झालं, तार सैल पडली, मी सुकाणू जरा उजवीकडे घेतलं, तार परत ताठ झाली. आंजर्ल्याच्या मुखाशी आजोबा बांबूने असंच चाचपत जायचे. तिथेही गाळ आहे, तिथेही पावसाच्या तोंडावर आसऱ्याला येणाऱ्या मच्छीमार होड्या भरतीची वाट बघत बाहेर ताटकळतात. बक्सीचे सील उजवीकडे लांब होते, आम्हाला दिसले नाहीत.

मला कुणी विचारलं की कोणती घेऊ, तर मी उलट विचारते की होडी झोपणार कुठे. कायम पाण्यात जागा मिळत असेल आणि लांब समुद्रात जायचं असेल, तर फिन घ्या, फक्त बोल्ट बघून घ्या. चिखलात झोपणार असेल तर पातं वर जाऊ दे, पण मग दर हिवाळ्यात होडीखाली पाठीवर झोपायची तयारी ठेवा, तोंडात गंज पडतो.

या मार्चमध्ये मी ते केलं. तार बदलली, अडकवायच्या जागी प्लॅस्टिकचा वॉशर घालून दोन धातूंची भेट टाळली. पिनेचं भोक पहिल्या हिवाळ्यात बुश घालून घेतलं होतं, आता पुन्हा मिलिमीटरभर हलतंय. पुढच्या वर्षी.

येत्या शनिवारी अष्टमी आहे. आठाची पाऊणपट सहा, उन्हाळ्याचा एक मिळवून संध्याकाळी सातला भरती, भांगाची. साडेचारच्या सुमाराला होडी चिखलातून सुटेल. मास्तरांनाही बोलावलंय, कारण त्यांची होडी बोल्टांसाठी परत टेकूवर आहे. ते म्हणाले येतो, पण भिंतीला गुडघे लागतात म्हणून बाहेरच बसणार. चिवडा मी आणतेय.